गावकीची तिजोरी

(दृश्य: पहाटेचा बाजार, फुलांच्या टोपल्या)

इंडोनेशियातलं बाली बेट. फुलं विकणारी बाई कमरेच्या शेल्यातून चुरगळलेल्या नोटा काढते. स्कूटरवरून आलेला माणूस त्या मोजतो, पासबुकात आकडा लिहितो आणि पुढच्या विक्रेतीकडे वळतो. हा बँकेचा माणूस नव्हे. हा गावचा, आणि पतसंस्थाही गावचीच.

या पतसंस्थेचं नाव लेंबागा पर्क्रेडितान देसा, थोडक्यात एल-पे-दे. 1984 साली गव्हर्नर इदा बागुस मांत्रा यांनी ही घडी बसवली. पुढे बेटावर अशा 1,400 हून अधिक संस्था निघाल्या.

मालक कोण? भागधारक नाहीत, सरकारही नाही. मालक 'देसा आदात'. देसा म्हणजे आपलाच देश. आदात अरबीतून आलेला, हिंदीतली आदत तीच. थोडक्यात, रूढीनं बांधलेलं गाव. इंडोनेशियाच्या 2013 च्या सूक्ष्मवित्त कायद्यानंही या संस्थांना वगळलं आणि रूढीच्या हवाली केलं.

नफ्यातला मोठा वाटा राखीव निधीत जातो. 20 टक्के गावाच्या कामाला. देवळाचं काळ्या ताडतंतूंचं छप्पर शाकारायचं असो की सामुदायिक दहनविधी, पैसा इथून निघतो.

(दृश्य: लाकडी कुलकुलवर ठोके)

कर्जाला तारण कागदावर असतंच. पण खरा धाक गावसभेचा. कुलकुल वाजला, मंडळी जमली आणि थकबाकीदार म्हणून आपलं नाव घेतलं गेलं तर? अगदी टोकाची शिक्षा 'कासेपेकांग', म्हणजे वाळीत टाकणं. जिथं घरातल्या मयताला वस्तीचं मंडळच उभं राहतं, तिथं हप्ता चुकवताना माणूस दहादा विचार करतो.

गंमत अशी, की ही भीड उलटीही फिरते. देखरेख मंडळाच्या प्रमुखपदी गावचा मुखिया, बेंदेसा. व्यवस्थापक नात्यातला, नाहीतर शेजारचा. मग हिशेब विचारायचा कुणी? काही गावांत अपहार वर्षानुवर्षं झाकून राहिला. प्रकरणं कोर्टात गेली, कारभारी तुरुंगात गेले. 2020 साली पर्यटक यायचे थांबले, हप्ते थकले, आणि कुठे कुठे ठेवी काढायला आलेल्यांना 'जरा थांबा' असं ऐकावं लागलं.

(दृश्य: कुलूप लावलेली कचेरी)

या ठेवींना सरकारी विम्याचं कवच नाही. दावा लावायचा तर तो आपल्याच गावावर लावावा लागतो, आणि सभेत शेजारी बसलेल्या देणेकऱ्याकडे बघत.