रुपयाचं न्हाणं
(लघु माहितीपटासाठी निवेदन)

(दृश्य: किराणा दुकानाच्या दारात टांगलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या लडी. वारा. सुरुवातीला नुसता आवाज.)

ही सळसळ या लडींची आहे. निळ्या, काळ्या, हिरव्या, गुलाबी. आत शिरणारं गिऱ्हाईक मान वाकवतं, बाहेर पडणारं हातानं बाजूला सारतं. दुकानदाराला त्यांच्यासाठी फळी लागत नाही, काच लागत नाही. एक खिळा पुरतो.

दुकान पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याजवळचं. दसरा-दिवाळी झाली की बीडकडून, मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगार इकडे येतात आणि गाळप संपेपर्यंत कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात. आज आठवडी बाजार आहे. म्हणून दारात एवढी गर्दी.

(दृश्य: पिवळ्या लुगड्यातल्या ताई काउंटरपाशी.)

"भाऊ, लड द्या एक. काळी नको. मागं दिली तिला फेसच नव्हता."

"मग निळी घ्या."

"निळीच द्या."

कंपनीचं नाव दोघांनीही घेतलं नाही. इथं शाम्पू रंगानं ओळखला जातो. लडीत सोळा पुड्या आहेत. सोळा रुपये.

हे सोळा रुपये आले कुठून, ते आधी सांगायला हवं. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. हंगामाच्या आधीच मजुरांच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते आणि तोडीची मजुरी त्या उचलीतून वळती होत राहते. हातात येते ती आठवड्याची खर्ची. आणि दुसरी वाढ्याची कमाई. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांना चारा म्हणून विकला जातो. रोख पैसा तेवढाच. तो सुट्ट्यात येतो आणि सुट्ट्यातच जातो. बाटलीभर शाम्पू एकदम घ्यायला लागणारी नोट या घरात एका जागी क्वचितच दिसते. नाणं मात्र दिसतं.

पुडीचा शोध लागला तो या नाण्याच्या मापानं.

(दृश्य: पॅकिंगच्या कारखान्यात फिरणारा फिल्मचा रोल.)

तमिळनाडूत कडलूरला चिन्नी कृष्णन नावाचे गृहस्थ होते. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं लहान पाकिटांत विकता येतील का, हा त्यांचा ध्यास. श्रीमंतांच्या घरात जे वापरलं जातं ते हमालाला आणि रिक्षा ओढणाऱ्यालाही परवडलं पाहिजे, असं ते म्हणत. आधी टाल्कम पावडर, एप्सम सॉल्ट यांची लहान पाकिटं, मग शाम्पूची पुडी. तिचं नाव वेल्व्हेट. भारतात पुडीच्या व्यापाराचे जनक म्हणून आज त्यांचंच नाव घेतलं जातं. धंदा मोठा होताना त्यांना पाहता आला नाही. तो मुलांच्या हाती आला, आणि १९८३ साली त्यांचे एक चिरंजीव सी. के. रंगनाथन घरच्या व्यवसायातून वेगळे झाले. खिशात १५ हजार रुपये. त्यांनी काढलेल्या शाम्पूचं नाव चिक. चिन्नी कृष्णन या नावावरून बेतलेलं.

चिकच्या लोकांनी दक्षिणेतल्या गावोगावी केलेला खेळ मजेशीर आहे. चौकात एखाद्या मुलाला बसवायचं, सगळ्यांसमोर त्याचं डोकं धुवायचं, आणि मग जमलेल्यांना म्हणायचं, हात लावून बघा, वास घेऊन बघा. रात्री रजनीकांतच्या सिनेमाचा खेळ लावायचा, मधेमधे जाहिरात. दुसरी युक्ती त्याहून हुशार. कुठल्याही शाम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची एक फुकट न्या. गिऱ्हाइकांना सवय लागल्यावर अट बदलली, रिकाम्या पुड्याही चिकच्याच हव्यात. पुढं पन्नास पैशांचीही पुडी निघाली. ही कंपनी म्हणजे आजची केविनकेअर.

एक गंमत सांगून पुढे जाऊ. 'शाम्पू' हा शब्द मुळात इकडचाच. हिंदीतलं चांपना, चांपो, म्हणजे दाबणं, रगडणं. आपल्या चंपीचा सख्खा भाऊ. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रायटनला स्नानगृह काढून तिथल्या लोकांची अंगं रगडली, राजाचीसुद्धा. तिथं तो शब्द अंगावरून डोक्यावर चढला, आणि फेस घेऊन परत आला.

(दृश्य: मशीन जवळून. फिल्म खाली येते, भरते, मिटते.)

आता हे मशीन नीट बघा. आम्ही दोन तास बघत होतो, तरी कंटाळा आला नाही.

वरून येतो तो छापील फिल्मचा रोल. दिसायला एक पापुद्रा, पण असतात दोन-तीन. बाहेरचा पॉलिएस्टरचा. छपाई त्याच्या आतल्या अंगाला, उलटी केलेली, म्हणजे बोटांनी घासून रंग जात नाही. मध्ये बहुतेक वेळा धातूचा चकचकीत थर, ऊन आणि हवा अडवायला. सगळ्यात आत पॉलिथिन. त्याचं काम एकच, गरम जबड्यात सापडलं की वितळून दुसऱ्या बाजूला चिकटायचं.

कडेला हे काळे ठिपके दिसतात ना? त्यांच्यावर मशीनचा डोळा आहे. ठिपका दिसला की मशीनला कळतं, एक पुडी संपली. हा डोळा चुकला तर बाईचा चेहरा एका पुडीवर आणि केस दुसऱ्या पुडीवर जातात. अशी एक लड आम्हाला तिथं कोपऱ्यात सापडली. आठवण म्हणून मागितली, दिली नाही.

नळीतून शाम्पू पडतो तो एका दट्ट्यानं मोजून. पाच-सहा मिली. खरी कसोटी पडण्याची नाही, थांबण्याची. नळीच्या टोकाला शेवटचा थेंब लोंबला आणि सीलच्या जागी पडला, तर तिथं फिल्म चिकटत नाही. मग ती पुडी दुकानात टांगल्या टांगल्या गळते आणि खालच्या पंधरा पुड्या ओशट करते. मशीनवरचे दादा दर थोड्या वेळानं एक लड उचलून दोन तळहातांत दाबतात. गळली तर मशीन बंद.

शेवटी दोन पुड्यांच्या मध्ये टोचणीची रेघ, आणि कडेला दातानं फाडायला बारीक काप.

आत काय असतं? सगळ्यात जास्त पाणी. मग फेस आणि मळ काढणारं द्रव्य, बहुतेक शाम्पूंत सोडियम लॉरेथ सल्फेट. वास, रंग, टिकवणारं काहीतरी. आणि मीठ. साधं जेवणातलं मीठच, कारण या द्रव्यात ते मिसळलं की पातळ शाम्पू दाट होतो. तेव्हा बोटावर घेऊन 'हा घट्ट आहे, म्हणजे चांगला' असं म्हणणाऱ्याला हे सांगून ठेवा.

(दृश्य: दोन काचेचे ग्लास, बोअरचं पाणी.)

कोपीजवळच्या बोअरचं पाणी दोन ग्लासांत घेतलं. एकात साबण किसून टाकला, दुसऱ्यात पुडीतले चार थेंब. दोन्ही हलवले.

साबणाचं पाणी दह्यासारखं फुटलं. वर पांढरी साय, फेस नावाला. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, साबण त्यांच्याशी बांधला जातो आणि न विरघळणारा चिकट थर होतो. डोक्याला साबण लावला की केस राठ, चिकट होतात ते या थरामुळे. दुसऱ्या ग्लासात फेस बघा. शाम्पूतलं द्रव्य या पाण्यातही काम करतं. बोअरचं पाणी जिथं पोचलं तिथं पुडी का पोचली, हे एकट्या जाहिरातीनं उलगडत नाही.

शहरात हा विषय काढला की कुणीतरी हमखास म्हणतं, या बायका शिकेकाई का नाही वापरत? स्वस्त, घरची, केसांना चांगली. चांगली आहेच. शिकेकाईत आणि रिठ्यात मळ सोडवणारे सॅपोनिन असतात, आवळकाठी, नागरमोथा, संत्र्याची साल घातली की वासही सुंदर येतो. पण ती कुटावी लागते, रात्री भिजवावी लागते, सकाळी उकळावी आणि गाळावी लागते. त्याला भांडं हवं, सरपण हवं आणि मोकळी सकाळ हवी. आणि चोथा केसांतून निघेपर्यंत ओतायला पाणी हवं.

या ताई रात्री तीनला उठतात. भाकरी थापून उजाडायच्या आत उसाच्या फडात. स्वस्त म्हणताना आपण रुपये मोजतो, तास मोजत नाही. ज्यांच्याकडे तास आहेत त्यांनाच घरगुती उपाय स्वस्त पडतात.

(दृश्य: बाजाराच्या दिवशीची दुपार. कोपीमागे दगड, बादली, तांब्या.)

फडातून आलेल्या केसांत काय असतं ते आधी बघा. पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याचे, बारीक तुकडे. उसाची कूस, म्हणजे टोचणारी बारीक लव. मोळ्या वाहून वाहून डोक्याच्या मधोमध दबलेला, घामानं चिकटलेला एक गोल.

आदल्या रात्री खोबरेल लावलंय. हे आजीनं सांगितलेलं, आणि बरोबरही. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी निघून जातं.

पुडी दातानं फाडली. आता हात बघा. शाम्पू थेट डोक्यावर नाही. आधी तांब्यात, त्यात पाणी, मग बोटांनी ढवळून फेस. असं केलं की पाच मिली सगळ्या डोक्याला पुरतो, एकाच जागी थापला जात नाही. बाटलीवरच्या सूचनेत हे लिहिलेलं नसतं, आणि कंपनी ते का लिहील? अर्धा तांब्या स्वतःला, उरलेला दोन लेकींना.

धाकटी पुडी उलटी करते. कात्रीनं दोन्ही बाजू कापून आत पाणी घालते, चोळते, तेही डोक्याला. पुडी आतून आरशासारखी लख्ख.

(इथं निवेदन थांबवा. पाण्याचा आवाज आणि मुलींचं हसणं तसंच राहू द्या. ४० सेकंद.)

पाच-सहा मिलीला एक रुपया, म्हणजे शंभर मिली सतरा ते वीस रुपयांत. त्याच कंपनीची शंभर मिलीची बाटली एवढ्यात मिळते का, मागच्या बाजूची किंमत वाचून बघा. सहसा गरिबाला सुटं घ्यावं लागतं आणि सुटं महाग पडतं. तेल, चहा, पीठ, सगळ्यात हाच अनुभव. शाम्पूत गणित उलटं आहे. रुपयाच्या गिऱ्हाइकासाठी कंपन्यांची चुरस आहे. हे गिऱ्हाईक फेस कमी पडला तर पुढच्या बाजारी रंग बदलतं. वर बाटलीचा, झाकणाचा खर्च नाही. हे कळलेले पगारदार लोकही आता डब्यात लडी भरून ठेवतात. फक्त बोलत नाहीत.

महागाई मात्र पुडीलाही चुकलेली नाही. किंमत नाण्याला बांधलेली, म्हणून ती वाढत नाही, आतला शाम्पू कमी होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पूवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. पण रुपयाच्या खालचं नाणं बाजारात कुणी घेत नाही, तेव्हा कपात दाखवायची तर तीही मिली वाढवूनच.

(दृश्य: कोपीमागचा उकिरडा. एकच शॉट, ६ सेकंद.)

रिकाम्या पुडीचे थर वेगळे होत नाहीत, वजन नगण्य, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. पुण्यात कचरावेचकांची संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पुडी या तिघांतही बसत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. तिघी कोपीसमोर, केस मोकळे.)

ऊन उतरेपर्यंत केस वाळवायचे असतात. थोरली आईच्या पाठीमागे बसून फणी फिरवते. शेजारच्या कोपीतल्या काकू येतात, केस हातात घेतात, वास घेतात.

"कोणती गं?"

"निळी."

"मला दे एक. बाजारी परत करते."

लडीतली एक पुडी टोचणीवर तुटते. आता चौदा उरल्या. लड घडी घालून पत्र्याच्या पेटीत, आधारकार्डाच्या पिशवीशेजारी.

आम्ही विचारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचटात जायचं, डोक्याला फडकं बांधायचं, वर मोळी. केस कुणाला दिसणार?

ताईंनी आमच्याकडे बघितलं, आणि उत्तर देण्याऐवजी लेकीला म्हणाल्या, "भांग सरळ पाड."

(दृश्य: पहाटे साडेतीन. बॅटरीचा उजेड. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला फडकं.)

फडकं बांधायच्या आधी वेणी पुढे घेतली जाते. एकदा हात फिरतो. मग वेणी आत, गाठ मागे. बाहेर टायरगाडीचे बैल जुंपलेले आहेत.