पायरीच्या दगडावरची मादी

(पहाट. धुक्यातली डोंगररांग, उतारावरचे लाकडी घर. निवेदन ओढ्याच्या आवाजानंतर.)

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचा उत्तर-मध्य भाग म्हणजे ओक आणि मेपलच्या जंगलाने झाकलेल्या लांबच लांब डोंगररांगा आणि त्यांच्यामधून वाट काढणारे अरुंद ओढे. पॉटर, क्लिंटन, कॅमेरून, लायकमिंग या काउंट्यांच्या जंगलात अशी एक-दोन खोल्यांची लाकडी घरे विखुरलेली आहेत. इथले लोक त्यांना ‘कॅम्प’ म्हणतात, मात्र तंबूंचा त्यांच्याशी काही संबंध नाही. आजोबांनी बांधलेला कॅम्प नातवाकडे येतो आणि भिंतीवरची हरणांची शिंगेही त्याच्यासोबत येतात. नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर, बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. त्या आठवड्यातल्या सोमवारी या भागातील कित्येक शाळा बंद असतात, यावरून शिकारीचे इथले स्थान लक्षात यावे.

आपण मात्र जुलैमध्ये आलो आहोत. या दिवसांत कॅम्पवर माणसे येतात ती गवत कापायला, छपराची डागडुजी करायला आणि थंडीसाठी लाकूड फोडून रचायला. आणि याच दिवसांत त्यांना हा साप दिसतो.

(पायरीचा दगड. साप ओळखू येईपर्यंत दृश्य हलवू नये.)

पिवळसर अंगावर काळे नागमोडी पट्टे, मखमलीसारखी काळी शेपटी आणि तिच्या टोकाला खुळखुळा. हा टिंबर रॅटलस्नेक आहे. शास्त्रीय नाव क्रोटॅलस हॉरिडस. याच जातीत जवळजवळ संपूर्ण काळे सापही असतात आणि या डोंगरांत दोन्ही रंग एकाच ठिकाणी सापडतात. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दिसणारी खळगी उष्णता ओळखते. आपल्या सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्याच्या चेहऱ्यावरही अशीच खळगी असते; नात्याने दोघे एकाच घराण्यातले.

कॅम्पवाल्यांची तक्रार अशी की हा साप विचित्र वागतो. माणूस दार उघडून बाहेर आला तरी तो पळत नाही, अंगावर येत नाही, खुळखुळाही वाजवत नाही, आणि दिवसामागून दिवस त्याच दगडावर पडून राहतो. यावरून कोणी त्याला आजारी ठरवतो, तर कोणी निर्ढावलेला. खरे तर ही गाभण मादी आहे आणि ती आपले काम करीत आहे.

टिंबर रॅटलस्नेक अंडी घालत नाही; पिल्ले आईच्या पोटातच वाढतात आणि त्यांची वाढ आईच्या अंगातील उष्णतेवर अवलंबून असते. म्हणून उन्हाळाभर ती उघड्यावरचा, ऊन खाणारा दगड धरून बसते. दगड फार तापला की सावलीला सरकते, ऊन कलले की परत येते. या काळात ती सहसा शिकार करीत नाही आणि अंगात साठवलेल्या चरबीवर दिवस काढते. उत्तरेकडच्या थंड प्रदेशात मादीला पहिली पिल्ले होईपर्यंत तिच्या वयाची आठ-दहा वर्षे उलटलेली असतात. पुढच्या वेतासाठी पुरेशी चरबी साठवायला तिला पुन्हा तीन-चार वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तीस वर्षांहून अधिक जगू शकणाऱ्या या सापाच्या आयुष्यात असे उन्हाळे मोजकेच येतात.

आता प्रश्न उरतो तो कॅम्पच्या पायरीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला हे डोंगर लाकडासाठी बोडके करण्यात आले होते. त्यानंतर जे जंगल पुन्हा उभे राहिले, त्याचा पर्णसंभार आता एकसंध झाला असून जुन्या खडकाळ मोकळ्या जागांवर सावली पडू लागली आहे. काही ठिकाणी अशा खडकांभोवतीची झाडे मुद्दाम तोडून सापांसाठी ऊन मोकळे करावे लागते. आणि इथे, दाट जंगलाच्या मधोमध, माणसाने स्वतःच झाडे तोडून अंगण केले, दगडी चौथरा बांधला, दक्षिणेकडे तोंड करून पायरी बसवली. मादीला याहून सोयीची जागा कोणी मुद्दाम करून दिली नसती.

(रात्र. लाकडाची रास. कमी उजेडातले चित्रण.)

हा दुसरा साप आहे, नर. फोडलेल्या लाकडांच्या राशीलगत एक जुना ओंडका आडवा पडला आहे आणि नराने त्यावर हनुवटी टेकली आहे, बाकी अंग खाली वेटोळे करून. तासन् तास तो असाच राहतो. हा साप मेला आहे, असे समजून काठीने डिवचणाऱ्यांची संख्या कमी नाही. ही दबा धरण्याची पद्धत आहे आणि पेनसिल्व्हेनियाच्याच जंगलातील निरीक्षणांवरून हॉवर्ड राइनर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. उंदीर आणि चिपमंक नावाच्या छोट्या खारी पानांवरून खडखडत जाण्यापेक्षा पडलेल्या ओंडक्यावरून धावणे पसंत करतात. ओंडका म्हणजे त्यांचा रस्ता, आणि साप त्या रस्त्याच्या कडेला, लाकडातून येणारा कंप हनुवटीने घेत बसलेला. काही वेळा तो झाडाच्या बुंध्याशी वेटोळे करून डोके खोडावर उभे टेकवतो. तेव्हा तो वरून उतरणाऱ्या खारीची वाट पाहत असतो.

(दंशाचे दृश्य: आधी संथ गतीत, मग मूळ गतीत.)

दंश केल्यावर तो भक्ष्य सोडून देतो. उंदीर काही अंतर धावतो आणि कोसळतो; मग साप जीभ लवलवत, गंधाचा माग काढत त्याच्यापर्यंत जातो. बसण्याची जागाही तो गंधावरूनच निवडतो. रुलॉन क्लार्क यांनी 2007 मध्ये दाखवून दिले की नुकतेच भक्ष्य खाल्लेल्या दुसऱ्या सापाचा वास जिथे असतो, तिथे बसणे हे साप पसंत करतात. त्याआधी 2004 मध्ये त्यांनीच प्रयोगांत पाहिले होते की एका वेतातल्या बहिणी परक्या माद्यांपेक्षा एकमेकींजवळ अधिक राहतात. एकलकोंडा म्हणून ज्याची ख्याती, त्या सापाबद्दल हे सांगितले की कॅम्पवरची माणसे आधी हसतात आणि मग पुन्हा एकदा विचारतात.

खुळखुळ्याविषयी इथेच सांगणे योग्य ठरेल. प्रत्येक कात टाकताना त्यात एका कड्याची भर पडते, जुनी कडी तुटूनही जातात. त्यामुळे कडी मोजून वय सांगता येत नाही. आपले फुरसे खवल्यांवर खवले घासून करवतीसारखा आवाज करते, हा साप शेपटी हलवतो. दोघांचा हेतू एकच. परंतु टिंबर रॅटलस्नेकचा पहिला आधार रंग हा आहे. वाळलेल्या पानांत जो दिसतच नाही, त्याने आवाज करून जागा कशाला सांगावी? आवाज हा त्याचा शेवटचा उपाय असतो.

(ऑगस्ट. अंगणाच्या कडेला दोन साप. या दृश्यात संगीत नको.)

हे दोन साप उभे राहून एकमेकांना पिळे घालीत आहेत. चित्रण करताना शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाने याला मीलन म्हटले. आपल्याकडेही शेताच्या बांधावर दोन धामणी अशा उभ्या राहिल्या की ‘लाग लागला’ म्हणून पांढरे कापड टाकायला लोक धावतात. दोन्हीकडे दृश्य सहसा दोन नरांच्या झुंजीचे असते. इथे कोणी कोणाला चावत नाही. दुसऱ्याचे अंग खाली दाबून धरणारा जिंकतो आणि हरलेला निघून जातो.

दंश झालाच तर प्रतिविषाच्या अनेक कुप्या लागतात आणि खर्च हजारो डॉलरांत जातो. तोडून टाकलेले डोकेही बराच वेळ चावू शकते. साप पकडून दूर सोडून देणेही उपकाराचे नसते: राइनर्ट यांच्या 1999 च्या अभ्यासात हलवलेल्या सापांपैकी सुमारे निम्मे मेले. आपले हिवाळ्याचे बीळ सोडून ते भरकटत राहतात. 2007 पासून राज्याच्या नियमानुसार परवाना असलेल्या व्यक्तीस वर्षाला एकच साप घेता येतो, तोही नर आणि किमान 42 इंच लांबीचा. पायरीवरच्या मादीला तो नियम पूर्ण संरक्षण देतो, आणि फावडे मात्र दाराशीच टेकवलेले असते.

(सप्टेंबरचा पहिला आठवडा. सकाळ. पायरीचा दगड.)

पिल्ले आली आहेत. वीतभराहून थोडी लांब, करड्या रंगाची, शेपटीच्या टोकाला खुळखुळ्याऐवजी एकच बटण, आणि विष पहिल्या दिवसापासून. आई जवळच आहे. पिल्ले पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा दिवस, ती त्यांच्यासोबत राहते. अंगणात गवत वाढले आहे, कारण कॅम्पच्या मालकाने तीन आठवडे यंत्र या बाजूला फिरवलेले नाही. येण्याजाण्यासाठी त्याने मागचे दार धरले आहे.

यानंतर मादी दगड सोडते. पिल्ले मागाहून, मोठ्यांच्या गंधाचा माग घेत, डोंगराच्या खडकाळ उतारावरील खोल फटींकडे सरकतात. ऑक्टोबरमध्ये तिरंदाज शिकारी येऊ लागतात, तोवर बहुतेक साप तिथे पोहोचलेले असतात.

(पायरीच्या फटीत अडकलेल्या चार लहान कातींचे जवळून दृश्य. पुढे निवेदन नाही. पुढचे दार उघडल्याचा आवाज.)