मंडळात कुणाला सांगायचं?

मंडळींनो, चवथीच्या कार्यक्रमाची तालीम चालू असताना एका नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, "शाळेत टीचर म्हणतात, कुणी त्रास दिला तर मोठ्यांना सांगा. मंडळात कुणाला सांगायचं?" तिथं मोठी माणसं पुष्कळ होती. उत्तर एकाकडेही नव्हतं.

गणपतीवर फळं-फुलं टांगायच्या माटोळीला कुणाच्या कुळागरातून काय येणार, हे आपल्याला तोंडपाठ असतं. फुगड्या रात्री किती वाजेपर्यंत रंगल्या, ते वर्षभर आठवतो. फुगड्या संपल्यावर मुली वाड्यावर परत कशा जातात, हा विषय मात्र बैठकीत कधी निघत नाही.

म्हणून तिच्या प्रश्नाचं उत्तर आज देऊया. तक्रार अल्पवयीन मुलाची किंवा मुलीची असेल, तर मंडळानं निवाडा करायचाच नाही. 2012च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या, कायद्यात गुन्हा कळलेल्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 112 किंवा मुलांसाठीचा 1098 फिरवा. मुलीचं म्हणणं एकाच माणसानं, एकदाच ऐकावं आणि तारीख-वेळ घालून तिच्याच शब्दांत वहीत लिहावं. ती कोंकणीत बोलली तर कोंकणीतच लिहा. पाच जणांनी पाचदा विचारलं की सांगण्यात फरक पडतो, आणि पुढे तोच फरक कोर्टात तिच्या अंगाशी येतो. संबंधित माणसाला समज द्यायला तर मुळीच जाऊ नका. तो सावध होतो, मोबाइलमधलं पुसून टाकतो. जबाबासाठी मुलीला पोलीस ठाण्यात जावं लागेल, ही भीतीही नको. जबाब तिच्या घरी घेता येतो. शक्यतो महिला उपनिरीक्षक येतात, आणि गणवेशात नसतात.

मोठ्या स्त्रियांसाठी 2013चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. त्यात बिनपगारी काम करणारेही धरले आहेत, म्हणून "आमच्याकडे नोकर कुठे आहेत?" हे उत्तर चालणार नाही. दहा किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. दहांपेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या बायकांनाही तिथे जाता येतं. आपल्या घरी येणाऱ्या बाईला हे आपणच सांगायला हवं. तक्रार तीन महिन्यांच्या आत, सहा प्रतींत, साक्षीदारांच्या नावांसह. चौकशी नव्वद दिवसांत.

तरीही घाई नको. गोव्यातूनच गेलेल्या एका खटल्यात 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फीचा आदेश रद्द केला, कारण समितीनं भराभर बैठका उरकताना समोरच्याला बाजू मांडायला पुरेसा अवधी दिला नव्हता. चौकशी पुन्हा 2009च्या टप्प्यावर गेली. तक्रार करणाऱ्या मुलींची चौदा वर्षं त्यात गेली.

"मंडळाचं नाव जाईल, आपसात मिटवूया" असं आपल्यातलीच भली माणसं म्हणतात. हे बोलणं थांबवा. सूचनाफलकावर दोन नावं आणि त्यांचे नंबर लावा. त्यांतली एक तरी स्त्री असावी आणि दोघंही पदाधिकाऱ्यांच्या नात्यातली नसावीत. कार्यक्रमपत्रिकेवरही तेच छापा.

हे आज रात्रीपर्यंत होईल. पण ज्याच्या खांद्यावरून इतकी वर्षं आपला गणपती येतो, त्याचंच नाव त्या मुलीनं घेतलं, तर वही उघडायला कोण पुढे येईल, हे मला अजून सांगता येत नाही.