फ्रिट्झ बाउअर यांचे दोन खटले

माणसाची प्रतिष्ठा अबाधित आहे, हे जर्मन राज्यघटनेच्या पहिल्या कलमाचे पहिले वाक्य. फ्रँकफर्टमधील सरकारी वकिलांच्या इमारतीवर ते लावून घेतले तिथले मुख्य सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांनी.

श्टुटगार्टच्या ज्यू कुटुंबात १९०३ साली जन्मलेले बाउअर तिशीच्या आतच न्यायाधीश झाले. पण ज्यू आणि त्यात सोशल डेमोक्रॅट, म्हणजे नाझींच्या लेखी दुहेरी अपराधी. मार्च १९३३मध्ये त्यांना अटक झाली, होयबेर्गच्या छळछावणीत डांबण्यात आले आणि नोकरीही गेली. १९३६मध्ये ते डेन्मार्कला गेले, १९४३मध्ये तिथून स्वीडनला निसटले आणि १९४९मध्ये जर्मनीत परतले, तेव्हा हिटलरच्या काळातले कितीतरी न्यायाधीश पुन्हा न्यायासनावर बसलेले होते.

१९५२चा ब्राऊनश्वाइगचा खटला वरवर पाहता बदनामीचा होता. २० जुलै १९४४ रोजी हिटलरला मारू पाहणाऱ्यांना माजी मेजर-जनरल ओटो एर्न्स्ट रेमर याने जाहीरपणे देशद्रोही म्हटले होते. बाउअर स्वतः सरकारी पक्षातर्फे युक्तिवादाला उभे राहिले आणि म्हणाले की, रोज हजारो खून करणाऱ्या अन्यायी राज्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाला असतो. बॉम्ब ठेवणारा श्टाउफेनबेर्ग आपल्याच शाळेत शिकलेला होता, हेही त्यांनी सांगितले. रेमरला शिक्षा झाली अवघी तीन महिन्यांची, आणि तीही चुकवून तो परदेशी पळाला. परंतु नाझी राज्य हे कायद्याचे राज्य नव्हते, हे निकालपत्रात उतरले, आणि बाउअर यांना शिक्षेपेक्षा तेच हवे होते.

आउश्वित्झ या नाझी मृत्युछावणीत काम केलेल्यांवर फ्रँकफर्टमध्ये चाललेल्या खटल्यात मात्र तसे घडले नाही. अर्धवट जळालेल्या काही कागदांवरून उभा राहिलेला हा खटला डिसेंबर १९६३मध्ये सुरू झाला, तेव्हा आरोपी २२ होते. छावणीतून वाचलेले दोनशेहून अधिक लोक साक्षीला आले. छावणीचे सारे कामकाज हेच एक हत्याकृत्य मानावे, हे बाउअर यांचे म्हणणे न्यायालयाने स्वीकारले नाही आणि प्रत्येकाचा गुन्हा सुटा मोजला. १९६५मध्ये १७ जण दोषी ठरले, त्यांपैकी ६ जणांना जन्मठेप झाली. आरोपींपैकी कुणीतरी माणुसकीचा एखादा शब्द बोलेल, ही बाउअर यांची अपेक्षा फोल ठरली.

ज्यूंच्या संहाराची यंत्रणा चालवणारा फरारी नाझी अधिकारी आइशमान याचा ठावठिकाणा इस्रायलला कळवणारे बाउअर होते, हे तर १९६८मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतरच जगजाहीर झाले.

आज फ्रँकफर्टमध्ये त्यांच्या नावाची संशोधनसंस्था आहे, ब्राऊनश्वाइगमध्ये चौक आहे. आणि आहेत आउश्वित्झ खटल्याच्या सुमारे ४३० तासांच्या ध्वनिफिती, ज्या न्यायाधीशांच्या सोयीपुरत्या ध्वनिमुद्रित करून नंतर पुसायच्या होत्या. त्या बचावल्या आणि २०१७मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेल्या. या खटल्यात न्यायालयातील काम बाउअर यांनी तरुण सरकारी वकिलांवर सोपवले होते. या फितींमध्ये तासन्‌तास बोलतात ते साक्षीदार.