क्रेट कुठे आहे, आणि कधीपासून?

(दृश्य: मे महिना. रत्नागिरी जिल्ह्यातली एक औद्योगिक वसाहत. आंबा कॅनिंगच्या कारखान्याबाहेर टेम्पोंची रांग.)

मे उजाडला की कोकणात आंब्याचे दोन दर विचारले जातात. एक पेटीचा, दुसरा कॅनिंगचा. पेटीचा आंबा वाशीला जातो, त्याच्या मुहूर्ताची बातमी होते, फोटो छापून येतात. कॅनिंगच्या आंब्याचं कौतुक कुणी करत नाही. डागी, बारका, पावसाच्या तोंडावर घाईने उतरवलेला, असा हा माल. तो नगावर नाही, किलोवर जातो. प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये साधारण वीस-बावीस किलो, आणि एका टेम्पोत असे क्रेट थरावर थर.

आपण या क्रेटच्या मागे जाणार आहोत. फाटकातून आत गेलेला क्रेट या क्षणी कुठे आहे, हे कारखान्याला कळायला काय काय लागतं आणि कळल्यावर त्या माहितीचं करायचं काय, एवढाच आपला विषय.

(दृश्य: शेडचा अंतर्भाग. पिकवणीच्या खोल्या, धुण्याची टाकी, कापणीची टेबलं, रस काढणारा पल्पर, डबे बंद करणारं सीमिंग मशीन, बंद डबे शिजवणारा रिटॉर्ट.)

आंब्याचा आतला प्रवास वरवर सरळ दिसतो. वजन, पिकवण, धुणं, कापणं, रस काढणं, डबा भरणं, झाकण बसवणं, उकळत्या पाण्यात डबा शिजवणं, गार करणं, गोदाम. परदेशी जाणारा रस बहुतेक 3.1 किलोच्या डब्यातून जातो, एका खोक्यात सहा डबे. कागदावर ही एक रेघ आहे. प्रत्यक्षात मेच्या तिसऱ्या आठवड्यात शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि क्रेट जिथे जागा मिळेल तिथे उतरवले जातात.

मग सुपरवायझर विचारतो, "मावशी, ही थप्पी कधीची?" मावशी सांगतात, "मी कामावर आले तेव्हापासून हितंच आहे." शिफ्ट बदललेली असते, आधीच्या मावशी घरी गेलेल्या असतात. त्या थप्पीचं वय कुणालाच ठाऊक नसतं.

आंब्याला मात्र ते ठाऊक असतं. पिकवणीच्या खोलीत इथिलीन वायू सोडतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला 100 पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, परवानगी दिली आहे, कार्बाइडला पूर्ण बंदी आहे. तिथून फळ बाहेर आलं की रसासाठी नेमकं तयार असण्याचा अवधी एखाद-दोन दिवसांचा. त्याच्या आत कापलं तर रंग, गोडी, सगळं जागेवर. उशीर झाला की फळ उतरतं, शेजारच्यालाही घेऊन जातं. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो हे इथे कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणून 'कुठे आहे' या प्रश्नाच्या पोटात खरा प्रश्न 'कधीपासून आहे' हा असतो. जागेचा माग घेणारी यंत्रणा कारखान्याला घड्याळ म्हणून हवी असते. नकाशा दाखवते हा तिचा वरचा गुण. विक्रेते मात्र नकाशाच दाखवतात, कारण तो पडद्यावर देखणा दिसतो.

(दृश्य: पत्र्याचं छप्पर, त्याखाली स्टीलच्या टाक्या. मोबाइलच्या नकाशावर निळा ठिपका शेडभर भरकटतोय.)

पहिला विचार येतो जीपीएसचा. टेम्पो बागेतून निघाला, राजापूर ओलांडलं, हातखंब्याला पोचला, हे जीपीएस उत्तम सांगतं. समुद्रावरही सांगतं. पण जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत फार क्षीण झालेला असतो. वर पत्रा आला की खेळ संपला. आणि एखादा ठिपका मिळाला तरी चूक पाच-दहा मीटरची. तेवढ्यात पिकवणीची खोली सोडून आपण पल्परपाशी आलेलो असतो.

त्यामुळे शेडच्या आत दुसरी साधनं लागतात. सगळ्यात स्वस्त साधन तुमच्या गाडीच्या काचेवर चिकटलेलं आहे. फास्टॅग. त्यात बॅटरी नाही. टोलनाक्यावरचा अँटेना रेडिओलहरी सोडतो, त्या लहरींच्याच ऊर्जेवर काचेवरची चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. भारतात त्यासाठी 865 ते 867 मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरतात. त्याच पट्ट्यातला टॅग क्रेटला लावला आणि शेडच्या दारांवर अँटेना बसवले, की कुठला क्रेट कुठल्या दारातून किती वाजता गेला याची नोंद कुणी न लिहिता होते. टॅगची किंमत काही रुपये.

फक्त आंब्याच्या कारखान्यात रेडिओलहरींचे दोन्ही वैरी एकत्र नांदतात. पाणी लहरी पिऊन टाकतं, धातू परतवतो. आंब्यात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच. त्यात स्टीलची टेबलं, डब्यांचे मनोरे, ओली फरशी, वाफ. क्रेटच्या आतल्या बाजूला, फळांना खेटून लावलेला टॅग अँटेनाला दिसतच नाही. तो बाहेरच्या बाजूला, कडेच्या पट्टीवर लावावा लागतो. थप्पीच्या मधल्या क्रेटचे टॅग तरीही कधीकधी सुटतात. रिटॉर्टच्या लोखंडी जाळीला साधा टॅग चिकटवला तर तो मुकाच होतो. तिथे धातूपासून थोडी फट ठेवून बसवायचा, उष्णता सोसणारा वेगळा टॅग लागतो, आणि तो महाग असतो.

(दृश्य: छताला लावलेली काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पांढरी डबी. खालून फोर्कलिफ्ट जाते.)

दारांवरच्या नोंदीतून एवढंच कळतं की क्रेट या खोलीत आहे. खोलीत नेमका कुठे, हे हवं असेल तर अल्ट्रावाइडबँड. 2021 साली ॲपलचा, हरवलेल्या वस्तू शोधायचा एअरटॅग आला तेव्हा लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं, पण त्यामागचं रेडिओ मानक 2007 सालचं आहे. प्रकाश आणि रेडिओलहरी एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, साधारण तीस सेंटीमीटर जातात. एक फूट. टॅगपासून निघालेला संदेश छताला लावलेल्या तीन-चार पांढऱ्या डब्यांपर्यंत किती वेळात पोचला हे एवढ्या बारकाईने मोजलं, की टॅगची जागा वीतभर-हातभर फरकाने काढता येते.

धातूच्या शेडमध्ये अडचण अशी, की तोच संदेश टाकीवर, छतावर, रसाच्या डब्यांवर आपटून चार वाटांनी येतो. कुंभार्ली घाटात हाक मारली की आपलाच आवाज तीनदा ऐकू यावा, तसं. अल्ट्रावाइडबँडचा संदेश मात्र अतिशय तोकडा असतो, नॅनोसेकंद-दोन नॅनोसेकंदांचा, त्यामुळे सरळ वाटेने आलेला पहिला ठोका आणि मागाहून आलेले ठोके वेगळे ओळखता येतात. पहिला धरायचा, बाकीचे सोडायचे. सरळ वाटेतच स्टीलची टाकी उभी असली तर पहिला ठोका येतच नाही, आणि मग फोर्कलिफ्ट भिंतीतून आरपार गेल्याचं पडद्यावर दिसतं. म्हणून या डब्या कुठे लावायच्या हे आराखड्यावर ठरत नाही. शेडमध्ये शिडी लावूनच ठरतं, आणि तेही सगळे मनोरे रचलेले असताना. रिकाम्या शेडमध्ये, फेब्रुवारीत, घेतलेली चाचणी मेमध्ये फसते.

प्रत्येक क्रेटला असा टॅग लावणं परवडत नाही. त्यात बॅटरी असते. तो फोर्कलिफ्टला, ट्रॉलीला, पॅलेटला लावतात, आणि कुठल्या पॅलेटवर कुठले क्रेट हे दारावरचे साधे टॅग सांगतात. ही जोडणी जमली की अर्धं काम झालं.

(दृश्य: कापणीचं टेबल. एक हात आंबा चिरतो. आत पांढुरका, स्पंजासारखा भाग.)

हा साका. हापूसचा जुना आजार. बाहेरून फळ निर्दोष, हाताला घट्ट, वासाला छान, आणि आत गर फिकट, आंबट, कुचकामी. जास्त पिकून उतरवलेल्या फळात आणि तापलेल्या जमिनीच्या झळा लागलेल्या फळात तो अधिक दिसतो. सुरी फिरेपर्यंत कळायचं नाही.

एरवी बाई ते फळ बाजूच्या टोपलीत टाकते आणि पुढचं घेते. त्या एका हालचालीत किती माहिती वाया जाते बघा. टेबलाला एक बटण असेल आणि या घडीला टेबलावर रिकामा होणारा क्रेट यंत्रणेला माहीत असेल, तर साक्याची नोंद थेट लॉटवर पडते. अमुक बाग, अमुक तारखेची उतरण, पिकवणीच्या खोलीत इतके तास. त्याच लॉटचे उरलेले क्रेट आत्ता कुठे उभे आहेत तेही कळतं, आणि ते पल्परकडे न जाता आधी तपासणीला वळवता येतात. बागायतदाराचाही यात फायदा आहे. पैसे कापले गेले तर का कापले हे त्याला दाखवता येतं. आज त्याला फक्त आकडा सांगतात.

याला म्हणायचं नियंत्रण. नुसतं बघणं वेगळं. ट्रॉलीचा ठिपका लाल झाला आणि कुणी पडद्याकडे बघितलंच नाही, तर लाल रंगाचा उपयोग काय? मोटारींच्या काही कारखान्यांत नट आवळायचं हत्यार योग्य गाडीजवळ आलं तरच चालू होतं, चुकीच्या गाडीजवळ ते फिरतच नाही. कॅनिंगमध्ये अशी जागा म्हणजे रिटॉर्ट. बंद केलेल्या डब्यांची ट्रॉली गर्दीत न शिजवताच गार करण्याच्या टाकीकडे निघून गेली तर बाहेरून काहीच फरक दिसत नाही. डबे सारखेच चकचकीत. म्हणून उष्णतेने रंग बदलणारी पट्टी लावायची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. तिच्या जोडीला हेही करता येतं: ज्या ट्रॉलीने रिटॉर्टमध्ये ठरलेला वेळ काढलेला नाही, तिच्यासाठी पुढचं फाटक उघडायचंच नाही. आंब्याचा रस आंबट असल्यामुळे इथे या चुकीचा परिणाम बहुधा फुगलेला डबा आणि परत आलेला माल एवढाच असतो. मासळीचे डबे भरणाऱ्या कारखान्यात हीच चूक खाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

(दृश्य: फळ्यावर खडूने लिहिलेले तीन आकडे.)

थोडं गणित. 1961 साली जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने एक साधं सूत्र सिद्ध केलं. शेडमध्ये सरासरी किती माल उभा आहे, ते म्हणजे तासाला किती माल येतो गुणिले प्रत्येक नग सरासरी किती तास थांबतो. समजा कापणीच्या भागात तासाला तीस क्रेट येतात आणि तितकेच बाहेर पडतात. एकशे वीस क्रेट उभे असतील तर प्रत्येक क्रेट चार तास थांबतोय. उद्या तिथे एकशे ऐंशी दिसले आणि आवक तीसच असली, तर थांबा सहा तासांचा झाला. क्रेट मोजले, तास कळले. पण ही सरासरी झाली. सगळ्यांनी सहा तास काढले की शंभर क्रेट झपाट्याने गेले आणि कोपऱ्यातली एक थप्पी कालपासून तशीच आहे, हे सूत्र सांगत नाही. नासतो तो कोपऱ्यातला आंबा. त्यासाठी प्रत्येक क्रेटचं स्वतःचं घड्याळ लागतं.

(दृश्य: शिफ्ट सुटते. बायका ॲप्रन काढून बाहेर पडतात. एकीच्या गळ्यात ओळखपत्र.)

जो टॅग क्रेटला लागतो तो ओळखपत्रातही बसतो. आणि इथे मी विक्रेत्यांच्या बाजूचा नाही. कोण किती वेळ टेबलापाशी नव्हतं, कोण दोनदा बाहेर गेलं, याचा तक्ता काढणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, क्रेटपेक्षा सोपं. माणूस थप्पीत दबलेला नसतो. 2023 च्या व्यक्तिगत डिजिटल विदा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी कामगाराची माहिती संमतीशिवाय वापरायला मालकाला बरीच मोकळीक आहे, त्यामुळे कायद्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. हंगामापुरत्या, ठेकेदारामार्फत आलेल्या बाईने नाही म्हणायचं कुणाला?

माणसाला टॅग हवा अशी एक जागा मला पटते. शीतगृहात अमोनिया असतो. गळती झाली, सायरन वाजला, की आत कोण राहिलं हे तत्क्षणी कळलं पाहिजे. लोटे परशुरामसारख्या रसायनांच्या वसाहतीत तर हे आधी व्हायला हवं. पण तेवढ्यासाठी आत-बाहेरची नोंद पुरते. शिफ्ट संपली की ती पुसून टाकता येते. कापणीचं टेबल खोळंबलं असेल तर क्रेटच्या घड्याळातून ते दिसतंच, आणि दहापैकी नऊ वेळा कारण टेबलावर नसतं. मागून माल आलेला नसतो, किंवा पुढे पल्पर तुंबलेला असतो.

(दृश्य: काळवंडलेलं आभाळ, वाकलेली माडाची झाडं, शेडमध्ये अंधार.)

कोकणातली शेवटची परीक्षा वीज घेते. तौक्ते वादळ 2021 च्या मेच्या मध्यावर, ऐन कॅनिंगच्या दिवसांत, किनाऱ्याला घासून गेलं. वादळ नसलं तरी वळवाच्या पावसात लाइन जातेच. इंटरनेट तर त्याआधी. सगळा हिशेब दूरच्या सर्व्हरवर ठेवणारी यंत्रणा इथे कामाची नाही. नोंदी शेडमधल्याच छोट्या संगणकावर साठल्या पाहिजेत, बॅटरीवर चालल्या पाहिजेत, आणि लाइन आल्यावर वर गेल्या पाहिजेत. फाटक अडवणाऱ्या यंत्रणेने तर वीज गेल्यावर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवायला हवं: रिटॉर्टपुढचं फाटक बंदच राहील, माणसांची दारं मात्र उघडी पडतील.

छोट्या कारखान्याने हे सगळं एका हंगामात आणायला जाऊ नये. तीन दारं पुरेत: पिकवणीच्या खोलीचं, कापणीच्या भागाचं आणि रिटॉर्टचं. क्रेटवर साधे टॅग, छतावरच्या डब्या नंतर. पहिल्या वर्षी फाटकंही अडवू नयेत, फक्त रोज संध्याकाळी सर्वात जुन्या दहा क्रेटची यादी सुपरवायझरच्या मोबाइलवर यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दहा आधी कापायला घ्यावेत. मृग लागला, आंबा संपला, शेड धुऊन काढली, की पावसाळ्यात त्या नोंदी घेऊन बसावं. कुठल्या दारावर किती टॅग सुटले ते आधी बघावं. पिकवणीच्या खोलीतून बाहेर पडले पण कापणीत कधी आलेच नाहीत, असे क्रेट त्यात हमखास निघतात. ते कुठे गेले, हे विचारायला तेव्हा वेळही असतो.