नॅपकिनचं फूल, चादरीचं फूल

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात लहानाचा मोठा झालेला माणूस पुढे कुठेही राहायला गेला, तरी यंत्रमागाची खडखड त्याच्या कानातून जात नाही. माझंही तसंच आहे. त्या खडखडीतच आमच्या गल्लीत अंतराळयान उतरलं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची. गल्लीत टीव्ही एकच, तोही अण्णांच्या घरी. आम्ही पंधरा-वीस पोरं फरशीवर दाटीवाटीनं बसायचो. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. टोकदार कानांचा स्पॉक मात्र सगळ्यांना कळायचा. तो, कप्तान कर्क आणि तो चिडका डॉक्टर मॅकॉय आधी भांडणार आणि शेवटी एकमेकांची टर उडवणार, एवढं कळलं की आमचं काम झालं.

अण्णांचा धंदा जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं मारण्याचा. आधी ग्राफ कागदावर नक्षी, मग त्या हिशेबानं पुठ्ठ्याला भोकं. एकदा मी त्यांना विचारलं, नॅपकिनची हीच कार्डं चादरीच्या मागावर लावली तर फूल चादरीएवढं होईल का? अण्णा म्हणाले, "फूल मोठं हुत न्हाई बे. तेच बारकं फूल चार वेळा येतंय. मोठं पायजे असंल तर ग्राफ नवा काढ, कार्डं नवी मार."

टीव्हीवरची विज्ञानकथा मोठ्या पडद्यावर जाते, तेव्हा मला अण्णांचं हे वाक्य आठवतं.

मूळ 'स्टार ट्रेक' १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालली. भाग ७९. पैशांची कायम ओढाताण. माणसं एका जागी विरघळून दुसरीकडे प्रकट होतात ती युक्तीसुद्धा काटकसरीतूनच आली. दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून माणसंच 'पाठवायला' लागले. आणि दर भाग संपताना सगळं पुन्हा जिथल्या तिथे. कोणी म्हातारं होत नाही, मागच्या आठवड्याची जखम पुढच्या आठवड्यात दुखत नाही. म्हणूनच तर मधले चार भाग चुकले तरी पाचव्याला आमच्यासारखी पोरं बिनघोर बसू शकायची.

सत्तरच्या दशकात स्टुडिओनं नव्या मालिकेची तयारी चालवली होती. तिच्या पहिल्या भागासाठी योजलेली कथाच पुढे चित्रपटाकडे वळवली गेली आणि १९७९ साली रॉबर्ट वाइज यांच्या दिग्दर्शनाखाली पहिला चित्रपट आला. खर्च सुमारे साडेचार कोटी डॉलर, त्या काळात डोळे पांढरे करणारा. आपल्या मुंबईच्या पर्सिस खंबाटा, १९६५ च्या मिस इंडिया, त्यात होत्या. भूमिकेसाठी त्यांनी सगळं डोकं भादरलं होतं. चित्रपटात गोदीत उभ्या असलेल्या यानाभोवती कर्क एका छोट्या वाहनातून चक्कर मारतो. ही चक्कर कितीतरी मिनिटं चालते. खरं सांगतो, मला ती आवडते. जुन्या घराला नवा रंग दिल्यावर माणूस बाहेर रस्त्यावर उभा राहून बघतो ना, तसं आहे ते. पण पुढेही चित्रपट बघतच राहतो. ढग बघतो, प्रकाश बघतो. त्या तिघांचं भांडण कुठेतरी हरवून जातं. नॅपकिनचं फूल भिंगाखाली धरलेलं होतं, झालं.

दुसऱ्या चित्रपटाला पैसे त्याच्या जवळपास पाव हिश्श्यानंच मिळाले. निर्माते हार्व बेनेट यांनी काय केलं, तर जुने भाग सगळे बसून पाहिले. त्यातून १९६७ चा एक भाग वेचला. त्यात कर्क खान नावाच्या शत्रूला एका निर्जन ग्रहावर सोडून निघून जातो. मालिकेच्या रिवाजाप्रमाणे विषय तिथंच मिटला होता. बेनेट आणि दिग्दर्शक निकोलस मेयर यांनी विचारलं, पण तो माणूस तिथं पंधरा वर्षं कसा जगला असेल? १९८२ च्या चित्रपटात खान परत आला. नट तोच, रिकार्दो मोंतालबान, पंधरा वर्षांनी वयस्क झालेला. कर्कचा वाढदिवस असतो आणि डॉक्टर त्याला भेट देतो ती वाचायच्या चष्म्याची! ज्या माणसाचं वय ७९ भागांत कोणी मोजलं नाही, त्याच्या हातात चष्मा. यान तेच, पुष्कळसे सेट पहिल्या चित्रपटाचेच, अवकाशातली काही दृश्यंसुद्धा जुनीच वापरली. ग्राफ मात्र नवा. आणि शेवटी स्पॉक मरतो. पुढच्या चित्रपटात त्याला परत आणला ती गोष्ट वेगळी. ते आपल्याकडच्या मालिकांनाही छान जमतं.

उलटी अडचणही असते, मोठं कापड लहान करण्याची. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतली डेलेक नावाच्या यांत्रिक प्राण्यांची पहिली कथा टीव्हीवर सात भागांत, जवळजवळ तीन तास चालली होती. १९६५ च्या चित्रपटात ती ८२ मिनिटांत बसवली. त्या बदल्यात प्रेक्षकाला रंग मिळाले, कारण टीव्हीवर ती कृष्णधवलच दिसत होती.

'एक्स फाइल्स' वाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. चित्रपटाचं मुख्य चित्रीकरण १९९७ मध्ये आधीच उरकलेलं, प्रदर्शन १९९८ मध्ये. मधल्या काळात मालिकेचं पाचवं पर्व लिहायचं, आणि ते बरोबर त्या चित्रपटाच्या दारात नेऊन सोडायचं. म्हणजे लग्नाची तारीख आधी छापायची आणि मग मुलगी पाहायला जायचं.

'फायरफ्लाय' या अमेरिकी अंतराळमालिकेचं मात्र थोडं सावकाश सांगतो. २००२ मध्ये १४ भाग तयार झाले, वाहिनीनं ११ दाखवले, तेही उलटसुलट क्रमानं. जो सुरुवातीचा भाग, तो सगळ्यात शेवटी. मालिका बंद पडली. मग लोकांनी डीव्हीडी भरभरून घेतल्या आणि २००५ मध्ये 'सेरेनिटी' हा चित्रपट निघाला. आता प्रश्न असा, की थेटरात बसलेल्या निम्म्या लोकांना यातलं कोणीच ठाऊक नाही. दिग्दर्शक जॉस व्हीडन यांनी कॅमेरा यानाच्या आतून चालवला. कप्तान एकेका खोलीतून जातो, वाटेत एकेकाशी वाद घालतो, कुठे कट जाणवत नाही. काही मिनिटांत कोण कोणाचं ऐकतो, कोण कोणाला घाबरतो, घराचा नकाशा कसा आहे, सगळं कळतं. मी रेडिओवरून कॅमेऱ्याची चाल समजावतोय, हे मलाही विचित्रच वाटतंय. पण वाड्यात नवी सून आल्यावर सासू तिला चुलीपासून माळवदापर्यंत फिरवून आणते, तसं डोळ्यांसमोर आणा, म्हणजे जमेल.

आपल्याकडे असं काही करायचं झालं तर? माझ्या मनात एकच नाव येतं. १९९८ चा दूरदर्शनवरचा 'कॅप्टन व्योम'. केतन मेहतांची मालिका, मिलिंद सोमण नायक, अंतराळातल्या तुरुंगातून निसटलेले कैदी. आज कोणी चित्रपट काढायला बसला, तर पहिला मोह होणार विशीतला नवा व्योम शोधायचा आणि संगणकावर आणखी झगमगीत याने बनवायचा.

मिलिंद सोमण आता साठीला पोचले, आणि अजून पळतात. मला तोच व्योम द्या, साठीचा. जुन्या कैद्यांपैकी एकच पुरे, ज्याला व्योमनं तेव्हा पकडून आत टाकला आणि नंतर कधी त्याची आठवणही काढली नाही, असा. शिक्षा भोगून तो आज सुटतोय. तुरुंगाच्या दाराशी त्याला घ्यायला कोणी आलेलं नाही, एक व्योम सोडला तर. पहिलं कार्ड मी इथून मारीन.

नमस्कार.