अर्ज कुणी करायचा?

(पडद्यावर : वर्तमानपत्रांची पानं, एकावर एक)

डिसेंबर २०२४. पॅरिस ऑलिम्पिक होऊन चार महिने झाले होते. एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन कांस्यपदकं आणणारी नेमबाज मनू भाकर, आणि खेलरत्न या देशाच्या सर्वोच्च क्रीडा पुरस्कारासाठी शिफारस झालेल्यांत तिचंच नाव नाही, अशी बातमी आली. देशभर गदारोळ झाला. तिच्या वडिलांनी नाराजी जाहीर बोलून दाखवली. मग मनूनंच सांगितलं की, अर्ज भरताना बहुधा माझ्याकडूनच काही राहून गेलं असावं. २ जानेवारीला अंतिम यादी आली. गुकेश, हरमनप्रीत सिंग, प्रवीण कुमार आणि मनू भाकर. वाद मिटला.

आमच्या मनात मात्र त्यातला एक शब्द अडकून राहिला. अर्ज.

खेलरत्न कुणाला द्यावा, हा वाद पुरस्काराइतकाच जुना आहे. पहिला मान विश्वनाथन आनंदला मिळाला, १९९१-९२ चा. तेव्हापासून प्रश्न तोच. बुद्धिबळाच्या पटावरचा जगज्जेता मोठा, की पॅरालिम्पिकमध्ये उंच उडीत सुवर्ण आणणारा? हॉकीचा कर्णधार मोठा, की एकटीनं नेम धरणारी मुलगी? मोजायचं कोणत्या मापानं? गुणांचा तक्ता केला, तरी भांडण संपलं नाही. २०१५ मध्ये लंडन पॅरालिम्पिकचा रौप्यविजेता एच. एन. गिरीशा कर्नाटक उच्च न्यायालयात गेला. गुण माझे जास्त, मग निवड सानिया मिर्झाची कशी, असं त्याचं म्हणणं होतं.

ही भांडणं व्हायलाच हवीत. कट्ट्यावर, तालमीत, घरात जेवताना. माणसं भांडतात म्हणजे त्यांना खेळाडूंची पर्वा आहे. पण ज्यांच्यासाठी कुणी भांडलंच नाही, त्यांचं काय? त्यांना शोधायला आम्ही कृष्णाकाठी निघालो.

(पडद्यावर : गोळेश्वर. तालमीतला हौद, ओली लाल माती)

हे गोळेश्वर, तालुका कऱ्हाड. १५ जानेवारी १९२६ ला इथं खाशाबा जाधव जन्मले. अंगानं लहानखुरे, पण चपळ असे की मोठ्या मोठ्या मल्लांना पकड सापडायची नाही. माती कशी असते, ते हातात घेऊन बघा. ताक, तेल, हळद घालून मुरवलेली. पाय तिच्यात रुततो, बोटं तिला धरतात. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा पायाखाली मॅट आली. सगळं नवीन. तरी सहावे आले.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं, तर पैसा नाही. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण! हे वाक्य लिहिताना आमचा हात थांबला होता.

जुलै १९५२. बँटमवेट गट, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाडहून दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोडक्यात संपणाऱ्या वाटेला त्या दिवशी तासन्‌तास लागले. मग खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या पैशातून खर्डेकरसरांचं कर्ज फेडलं.

पुढचं वैयक्तिक पदक यायला ४४ वर्षं गेली. १९९६, अटलांटा, लिअँडर पेस.

अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. खाशाबा तेव्हा पोलीस खात्यात नोकरी करत होते, धडधाकट होते. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात गेले. मधली २३ वर्षं, दर वर्षी एक यादी. त्यांना अर्जुन जाहीर झाला २००० सालचा, मरणोत्तर. पद्म पुरस्कार तर हयातीत मिळालाच नाही.

(पडद्यावर : कऱ्हाडहून निघालेला रस्ता, उसाची शेतं)

इथून गाडीनं तासाभराच्या आत पेठ-इस्लामपूर येतं. मुरलीकांत पेटकरांचं गाव. सैन्यातला जवान, अंगात बॉक्सिंग. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग अधू झालं. उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि पाण्यानं त्यांना परत उभं केलं. १९७२, जर्मनीतलं हायडेलबर्ग. पॅरालिम्पिकची ५० मीटर फ्रीस्टाइल. वेळ ३७.३३ सेकंद. जागतिक विक्रम. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण.

आता निवेदन थांबवतो. पडद्यावर फक्त पाणी दिसेल आणि बाजूला घड्याळ. पूर्ण ३७ सेकंद.

(३७ सेकंद. पाण्याचा आवाज, दुसरं काही नाही)

एवढाच वेळ. आणि या एवढ्या वेळाची दाद घ्यायला अर्जुन पुरस्काराला ५२ वर्षं लागली. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली होती. १७ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात जीवनगौरवाचा अर्जुन स्वीकारायला पेटकर पुढे आले तेव्हा वय होतं ८०. टाळ्या थांबत नव्हत्या. आम्हीही टीव्हीसमोर उठून उभे राहिलो. आनंद होताच, पण रागही आला. त्यांच्या तिशीत, चाळिशीत या टाळ्या वाजल्या असत्या, तर किती अपंग मुलं त्यांच्यामागून पाण्यात उतरली असती!

त्याच समारंभात मनूनंही खेलरत्न घेतलं. तिच्यासाठी अख्खा देश बोलला, ते योग्यच झालं. पण काही वर्षांपासून खेळाडू स्वतःच ऑनलाइन अर्ज करू शकतात, आणि हीच मोठी सोय मानली जाते. पहाटे चारला उठून सराव करणाऱ्या पोरीनं रात्री आपल्याच मोठेपणाचा तपशील रकान्यात भरत बसायचा, हे आम्हाला पटत नाही. पदकं कुणी आणली, याची नोंद सरकारदरबारी असतेच. ती उघडावी आणि माणूस शोधत त्याच्या दारी जावं. ज्यांना रकाने माहीत नव्हते, त्यांच्या दारी आधी.

(पडद्यावर : पुन्हा गोळेश्वर. संध्याकाळ, हौदात जोर काढणारी मुलं)

खाशाबांची जयंती, १५ जानेवारी, हा आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. त्यानंतर दहाच दिवसांनी, २५ जानेवारीच्या संध्याकाळी, पद्म पुरस्कारांची यादी जाहीर होते. खाशाबांना मरणोत्तर तरी पद्म मिळावा म्हणून घरच्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. वर्षानुवर्षं ती यादी आली आणि त्यांनी त्यात ‘ज’ शोधला.